पार्टी लायनीर आसा

पुंडलिककाका फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. रिसीव्हर उचलला की त्यांचा पहिला प्रश्न, “माणूस आहे काय तिथे?” माणूस आहे अशी खात्री पटली की दुसरा, “जेवलीस काय, बाई?” या दोहोंची उत्तरं मिळाल्याशिवाय ते नंबर सांगत नसत. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या फोन केला तरी तेच, जेवलीस काय. मी म्हणायची, “काका, आत्ता कुठे चहा झालाय.” “मग चहाबरोबर काय खाल्लंस ते सांग.” बेकरीचा उंडो खाल्ला म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं. उपाशी माणसाच्या हाती निरोप देऊ नये, तो अर्धा वाटेतच सांडतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

हल्ली त्यांची फार आठवण येते. परवा गॅसवाल्यांना फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, भाषा निवडा, पुन्हा एक दाबा. मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढा महत्त्वाचा आहे तर उचल ना बाये. पण तिने मला सनई ऐकवली. भात शिजून खाली उतरवला तरी सनई चालूच. शेवटी कुठल्यातरी मुलाने फोन उचलला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “माणूस आहे काय तिथे?” घरातले अजून हसतायत. हसू देत. ज्यांनी ऑपरेटर पाहिली नाही त्यांना माणसाची किंमत काय कळणार?

मी ऑपरेटर होते. डिचोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजात. साखळीहून बसने यायची, कानाला हेडफोन चढवायची आणि भोकाभोकांच्या त्या मोठ्या बोर्डासमोर बसायची. गावात कोणी रिसीव्हर उचलला की माझ्यासमोर त्याचा दिवा पेटे. मी दोरी खोवून विचारायची, “नंबर?” बाहेरगावचा फोन असला तर म्हापशाच्या ऑपरेटरला गाठायचं, तिने पुढच्या गावाला, आणि पलीकडे कोणी बोललं की आपल्या माणसाला सांगायचं, “पार्टी लायनीर आसा.” हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की लग्नात नाव घेतानाही तेच येईल अशी भीती होती.

पुंडलिककाकांचं बाजारात टायरचं दुकान. खाणीवरचे ट्रक तिथे रांगेने उभे असत. माणूस ताडमाड उंच, शटरखालून जाताना वाकायची सवय लागून तो मोकळ्या रस्त्यावरही मधेच वाकायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. दुपारचा डबा खानावळीतून यायचा, तो टायरच्या थप्पीवर ठेवून ते एकटेच जेवत. मी एकदा सहज उलटं विचारलं, “आनी तुमी जेवल्यात, काका?” तर एवढा बोलका माणूस एकदम गडबडला. “मी? हो, म्हणजे, माझं काय,” असं काहीतरी पुटपुटले आणि नंबर चुकीचा सांगितला.

नंबर त्यांचा एकच असायचा. पेडण्याचा. तिथे त्यांचं मूळ घर, आणि घरात धाकटा भाऊ सखाराम. त्याची काजूची छोटी फॅक्टरी. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत.

आता तुम्ही म्हणाल, बोलत नसत तर फोन कशाला? थांबा जरा, तेच सांगतेय.

राजभाषेवरून गोव्यात रणं पेटली होती तेव्हाची गोष्ट. मराठी की कोंकणी? घराघरांत वाद. आमच्या एक्स्चेंजातही दोन बाकांवर दोन तट, आणि डबे मात्र एकत्र. पुंडलिककाका कट्टर मराठीवाले. सखारामबाब कट्टर कोंकणीवाले. गंमत अशी, की पुंडलिककाका मराठीवर जे भाषण करीत ते अस्सल पेडण्याच्या कोंकणीत, आणि सखारामबाब कोंकणीची बाजू घेऊन पेपरात लिहीत ते मराठीत. त्या चवथीला, गणपतीपुढे बसून, धाकट्याने आईच्या हाकेचं काढलं, “आवय तुका खंयचे भाशेन उलो मारताली?” थोरल्याने विचारलं, “आणि आई देवापुढे पोथी वाचायची ती कुठल्या?” दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर मिटेना. जाता जाता थोरला म्हणाला, सखाराम माझ्याशी मराठीत बोलेल त्या दिवशी मी बोलेन. धाकटा म्हणाला, दादा कोंकणींत उलयत त्या दिसा हांव उलयतलों. झालं. पुढे कायदा झाला, दोन्ही भाषांना आपापली जागा मिळाली, गोवा घटकराज्य झालं, दोघांनी आपापल्या गावात पेढे वाटले. बोलणं मात्र बंद ते बंदच.

पण काकांना भाऊ तर हवा होता. मग त्यांनी मला मधे घातलं. कायद्याने ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं, हे त्यांना मी सांगून पाहिलं. “तू कुठे बोलतेस? तू फक्त सांगतेस,” म्हणाले. दुकानात ड्रायव्हरांशी दिवसभर कोंकणीत भांडणारा हा माणूस फोन हातात आला की छापील मराठी बोलू लागे. “बाई, सदर इसमास विचारावे, खोकला कसा आहे.”

मी पेडण्याला सांगायची, “पार्टी विचारता, खोंक कशी आसा?”

सखारामबाब म्हणत, “ताका सांग, खोंक बरी आसा. हांव बरो ना.”

खोकला बरा आहे, मी बरा नाही, असं मी मराठीत करून द्यायची. मग थोरल्याचा उपाय, मधात मिरपूड घाल. तो मी कोंकणीत नेऊन द्यायची. दोघांनाही दोन्ही भाषा पाण्यासारख्या येत होत्या, दोघांनाही एकमेकांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, आणि तरी माझं भाषांतर पुरं होईतो दोघेही शहाण्या मुलासारखे थांबत. मधेच मी एखादा शब्द गाळला तर थोरला कुरकुरे, “बाई, तो ‘मेल्या’ म्हणाला, ते सांगितलं नाहीस.”

चवथ जवळ आली की हे फोन वाढत. आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, नारळ, सुपारीचे घोस बांधतात, तिला माटोळी म्हणतात. पेडण्याच्या घरची माटोळी लहानपणापासून पुंडलिककाका बांधायचे. पाट नाही, शिडी नाही, नुसते हात वर केले की काम झालं. भांडणानंतर ते चवथीला घरी गेले नव्हते. बोलावल्याशिवाय जायचं नाही, असा यांचा हट्ट. स्वतःच्या घरी यायला बोलावणं कसलं, असा त्यांचा. मग फोनवरून विचारणा. कात्रे मिळाले काय? आंबाडे बांधले काय? सुपारीचा घोस डाव्या बाजूला आहे ना? आणि सगळं विचारून झालं की थोडं थांबून, “बाई, तो आणखी काही म्हणतो काय बघ.”

मी विचारायची. सखारामबाब थांबत, मग म्हणत, “ना. आनीक कांय ना.”

ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली असं मी कधी सांगितलं नाही. काकाच आपणहून म्हणत, “बरं तर. जेव वेळेवर.” हे मला की भावाला, ते मी विचारत बसले नाही.

मग ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. नारळ फुटला, साहेबांचं भाषण झालं, आता कोणाचीही गरज नाही, म्हणाले, थेट नंबर फिरवा. आमचा बोर्ड चार माणसांनी उचलून टेम्पोत घातला तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. माझी बदली तक्रारींच्या टेबलावर झाली.

आठवडा गेला असेल नसेल, काका तरातरा ऑफिसात आले. “ती कोण नवी बाई ठेवलीय, हिंदी बोलणारी? चारदा विचारलं, जेवलीस काय. आपलंच घोकत बसते, सब लाइनें व्यस्त हैं. एकतर बहिरी आहे, नाहीतर उपाशी.”

“काका, ती बाई न्हय. टेप ती.”

“टेपेला भूक लागत नसणार,” म्हणाले आणि वाकून दारातून बाहेर पडले.

त्यानंतर त्यांनी तक्रारीचा नंबर शोधून काढला. तिथे मी होते ना.

“माणूस आहे काय तिथे?”

“आसा, काका.”

“जेवलीस?”

“जेवलें. तक्रार काय?”

“फोन डेड आहे.”

“डेड आहे तर तुम्ही बोलताय कशावरून?”

“तेच तर,” म्हणत, आणि मग खोकला, पाऊस, टायरचे भाव. लाइनमन बिचारा दोनदा जाऊन खांबावर चढून आला. पुढे त्यांनी तक्रार बदलली. आता फोन डेड नव्हता, तर “माझा आवाज तिकडे पोचत नाही.” मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. काका पेडण्याचा नंबर स्वतः फिरवायचे, पलीकडून सखारामबाब “हॅलो, हॅलो” करायचे, आणि हे गप्प. मग रिसीव्हर ठेवून माझ्याकडे तक्रार.

“अहो, बोलल्याशिवाय आवाज पोचेल कसा?”

“मी कसा बोलणार? मी बोललो तर मी बोललो असं होईल.”

चवथ तोंडावर आली होती. एके दिवशी पुन्हा येऊन बसले, समोरच्या खुर्चीत, गुडघे टेबलाला लागलेले. “एकदाच मधे बस,” म्हणाले. आर्जव करणं त्या माणसाला जमत नव्हतं, ते ऐकायला मलाच कसंतरी झालं. मी सांगितलं, “काका, बोर्डच उचलून नेला. मधली जागाच उरली नाही. तुमीच उलयात.” ते उठले. बाजारात माटोळीचे कात्रे आलेत म्हणाले, आणि गेले.

त्यांची तक्रार मात्र वहीत नोंदलेली होती, तेव्हा लाईन तपासणं माझं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेस्टची की, म्हणजे लाईन ऐकायची कळ, त्यांच्या नंबरवर टाकली. लाईनवर बोलणं चालू असलं तर की लगेच काढायची, असा नियम. ती मी काढणारच होते. पण हेडफोनमध्ये एक चमत्कारिक आवाज आला. जाड पुरुषी गळा पिळून पिळून बारीक केलेला.

“हलो. डिचोली एक्स्चेंजांतल्यान उलयतां. पार्टी लायनीर आसा.”

डिचोली एक्स्चेंज इथे खुर्चीत बसलं होतं, तोंडाला हात लावून. मागे टायरवर हातोडा पडत होता, पेडण्यालाही ऐकू जात असणार.

बारीक आवाज जरा कापला. “पार्टी विचारता, हे चवथीक माटोळी कोण बांदता?”

कोंकणी. अख्खं वाक्य कोंकणीत, भावाशी. मी की काढायला हवी होती. नाही काढली.

सखारामबाबनी घसा खाकरला. आणि मग ते बोलले, शाळेत धडा वाचावा तसं, एकेक शब्द नीट उच्चारून, मराठीत. “बाई, त्यांना सांगा, माटोळी बांधायला कोणी नाही. आमचे हात पोचत नाहीत. दरवर्षी ती वाकडीच होते.” थोडं थांबून म्हणाले, “आणि सांगा, स्वतःच्या घरी यायला आमंत्रण लागत नाही. तरी दिलंय म्हणून सांगा.”

“सांगतां,” बारीक आवाज म्हणाला. “हांव ताका सांगतां.”

दोघेही थांबले, माझं भाषांतर व्हायची वाट बघावी तसे. हातोडाही थांबला होता. मग काकांचा गळा सुटला, तो आपल्या मूळच्या आवाजावर आला.

“सखा, जेवलो मरे तूं?”

“ना,” पलीकडून आलं. “तूं?”

हा ‘तूं’ मराठी होता की कोंकणी, ते मला सांगता येणार नाही. दोन्हीत तोच आहे. काका काय म्हणाले, तेही मला ठाऊक नाही, कारण मी की काढली, तक्रारीवर ‘दोष नाही’ असं लिहिलं आणि खालच्या खणातून डबा वर घेतला. मीही अजून जेवले नव्हते.