लाकडी चक्रीच्या एका फेऱ्याची हकीकत

श्रीशंकर प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी उमरगे शहराच्या शिवेवरील महादेवाच्या जत्रेपूर्वी जी मोठी धामधूम जाहली, तिची हकीकत डोळां देखिली व कानी ऐकिली तैसी लिहिली असे. पदरचे तिखटमीठ कोठे पडले असेल, तर थोरांनी पोटात घालावे.

मातोश्री रुद्रम्मा, कैलासवासी विरुपाक्षप्पा मिस्त्री यांचे कुटुंब, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, यांची लाकडी घोड्यांची चक्री जत्रेत चिंचेखाली उभी राहात असे. घोडे सात, मिस्त्रींनी स्वहस्ते घडविलेले, आणि चक्री हाताने ढकलावयाची. मिस्त्री वारले, मग चक्री नऊ वर्षे पत्र्याच्या शेडात पडली आणि वाळवीने एका घोड्याचे दोन्ही कान गट्ट केले. ऐशात जत्रा कमिटीचे अध्यक्ष राजमान्य राजश्री अण्णाराव यांचे फर्मान सुटले की, चिंचेखालील जागेवर मोटारीचा पाळणा येऊ म्हणतो. सबब मातोश्रींची चक्री वद्य अष्टमी, सोमवारी, चार वाजता आमचे समक्ष एक फेरा पुरा घेईल तर जागा त्यांची, न घेईल तर कायमची गेली. हे ऐकोन मातोश्रींस दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. घरधन्याच्या हातचे तेवढेच उरले होते.

तेव्हां त्यांचा पुतण्या महारुद्र वेल्डर याने मोहिमेचा विडा उचलिला. मर्द मोठा, मनगट लोखंडाचे, परंतु कोणास काही पुसावे हे त्याच्या कुंडलीतच नाही. मातोश्रींची सून श्रीदेवी रंगाचे डबे घेऊन कुमकेस आली आणि तिने घोड्यांस ऐसे नटविले की सहा तर जातिवंत दिसो लागले. सातव्यास नवे कान बसविले ते अंमळ लांब जाहले आणि तो गाढवाकडे झुकला. कोणी हसले, त्यास चहा मिळाला नाही.

आठ दिवस गंजाशी लढाई चालली, डिझेलचे पाट वाहिले, आणि नवव्या दिवशी चक्री हलली. मोठा जल्लोष जाहला. मग चक्री डौलात निघाली, पाऊण फेरा गेली आणि खट्ट! जागीच उभी. बेरिंग बदलिले, खट्ट. ग्रीस ओतिले, खट्ट. मग ट्रॅक्टर जुंपिला तो दोर तुटला आणि सरदार महारुद्र शेणाच्या पाटीत बसते जाहले. या सर्व काळी मातोश्री, कानाने मंद, दहा पावलांवर तुरीची डाळ पाखडीत होत्या. ज्यांची चक्री त्यांस पुसावे, ऐसी अक्कल एकासही सुचली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

सोमवारी साडेतीनास महारुद्राने मधल्या खांबाची माती खरवडिली तो आत बोटभर जाडीची लोखंडी खुंटी सापडली. गनीम हाच, म्हणोन त्याने गॅस कटर पेटविला. कानास न कळे ते नाकास कळले, आणि मातोश्री सुपासह शेडात दाखल जाहल्या.

"अय्यो महारुद्रा, काय करलालास रे? ती खुंटी ह्यांनीच मारलीया!"

"काकानं? आन् ती कशापायी?"

"खांबाच्या बुडाला बघ की. महादेवाची पिंड कोरलीया. घोडं असू दे न्हाय तर मानूस, पिंडीची पन्हळ वलांडायची न्हाय. पन्हळीपतोर जायाचं आन् माघारी यायचं."

महारुद्र गर्भगळीत जाहला. म्हणाला, "पर काकी, आज फेरा पुरा न्हाय झाला तर जागा जाती की! कापू द्या."

मातोश्री खुंटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "जाऊ दे जागा. ह्यांची खुंटी कापायची न्हाय."

कटर विझला. इतक्यात चारचे ठोक्यास अण्णाराव, कपाळी ताजे भस्म, कमिटीचे रजिस्टर बगलेत, ऐसे स्वारी करून आले. श्रीदेवीने चक्री ढकलली, घोडे उधळले, आणि पाऊण फेऱ्यास खट्ट!

अण्णारावांनी मान हालविली. "अव्वा, वाईट वाटतं. पर फेरा पाऊणच झाला."

मातोश्री बोलल्या, "अण्णाराव, तुमी आत्ता कुठनं आलाव?"

"देवळातनं. सोमवार न्हवं का."

"महादेवाला फेरा घातलाव?"

"व्हय. पुरा घातला."

"पन्हळ वलांडून?"

"छ्या, छ्या! पन्हळ कशी वलांडीन? तितपतोर गेलो आन् माघारी..." येथे अण्णारावांची नजर खांबाच्या बुडास गेली.

मातोश्रींनी सूप खाली ठेविले, गाढवाकडे झुकल्या घोड्याची मान धरिली आणि चक्री एकटीने ढकलीत माघारी आणली, जेथून निघाली तेथे. अण्णारावांनी वहाणा काढिल्या, पिंडीस हात जोडिले, मग रजिस्टर गुडघ्यावर घेऊन स्वहस्ते लिहिले: फेरा एक, पुरा.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चिंचेखालील जागा मातोश्रींकडे कायम. महारुद्र हल्ली चहात साखर किती, हेही चौघांस पुसोन घालतो. खुंटी जागेवर आहे.