पळीभर सॅनिटायझर

देवीची साथ पाहिलेली बाई मी! दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधून, घरात शिरणाऱ्याच्या अंगावर खेकसत आमच्या आजीने ती साथ काढली होती. तिची नात मी. करोना माझ्यापुढे काय!

वीस सालच्या गणपतीत कांजूरच्या आमच्या घरी मी असा बंदोबस्त केला की जंतूने जिन्यावरूनच परत जावं. बाटलीला सगळ्यांचे हात नकोत, म्हणून सॅनिटायझर पंचपात्रात ओतलं आणि दारात उभी राहिले. येईल त्याच्या तळहातावर एक पळी! माल साकीनाक्याच्या नंदूचा. माझ्या मैत्रिणीचा मुलगा. लॉकडाऊनमध्ये पिशव्यांचं वर्कशॉप बसलं तसा या धंद्यात घुसला. वासाला केवडा, आणि चिकटपणा अजिबात नाही!

वरच्या मजल्यावरून माझे दीर, गुणाजी भावोजी, दर्शनाला उतरले. मी पळी पुढे केली. त्यांनी तळहाताची वाटी केली, मास्क हनुवटीवर ओढला, सुर्रकन प्यायले, ओला हात टकलावरून फिरवला आणि मास्क पुन्हा वर!

"भावोजी, ते तीर्थ नव्हतं!"

"मगे काय होता?"

"सॅनिटायझर!"

भावोजी चपलांच्या ढिगावरच बसले. माझी नात जान्हवी फार्मसी शिकते. तिने बाटली उलटसुलट पाहिली आणि किंचाळली, "आजी, यावर लायसन्स नंबर नाही, बॅच नाही! मेथॅनॉल असलं तर डोळे जातात, माणूससुद्धा जातो!"

डॉक्टर फोनवर म्हणाले, "लगेच घेऊन या. आणि आत काय आहे ते विचारा!"

"वयनीनू, माका काय दिसना नाय!"

"भावोजी, आधी डोळे उघडा!"

"गंगाजळ घाला गे माका..."

"आज आणखी काही प्यायचं नाही!"

जान्हवी रिक्षा आणायला धावली. मी नंदूला फोन लावला, स्पीकरवर.

"नंदू, बाटलीत काय घालतोस रे?"

"काकू, एक नंबर माल! ऐंशी टक्के अल्कोहोल!"

भावोजींनी हंबरडा फोडला.

"नंदू, खरं सांग. फसवलंस ना मला?"

"आईशप्पथ नाही!"

"अरे मेल्या, फसवलंस म्हण! मोदक देईन!"

मग हळूच, "उकडीचे?"

"उकडीचे! वर तूप!"

"काकू... नळाचं पाणी आहे. केवड्याचे दोन थेंब. बाकी काही नाही, देवाशप्पथ."

फसवलं गेल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता! भावोजी मात्र ताडकन उठले. "नळाचा? उकळलेला तरी होता काय?"

जान्हवीने त्यांना दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी तपासून, जरा हसून घरी पाठवलं. मग तिने नंदूला फोनवर असा झाडला की विकलेल्या सगळ्या बाटल्या परत घ्यायचं त्याने कबूल केलं.

संध्याकाळी तो मोदकांसाठी दारात हजर. शब्द दिला होता, काय करते! पण आधी पळी भरली आणि त्याचंच सॅनिटायझर त्याच्या हातावर ओतलं.

मेला हात झटकत म्हणतो, "काकू, साबण नाही का?"