चिलखतातले सर

सरांच्या शर्टाची बटणं लागत नव्हती, कारण शर्टाच्या आत चिलखत होतं, आणि चिलखत निघत नव्हतं.

दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं, कारण चिलखत सरांनीच बनवलं होतं. विद्यापीठात कंत्राटावर शिकवता शिकवता त्यांनी जवानांसाठी हे हलकं, न फाटणारं चिलखत तयार केलं होतं. अर्धे पैसे संरक्षण खात्याचे, अर्धे शिक्षण खात्याचे. आज दोन्ही खात्यांची समिती ते बघायला येणार होती. पसंत पडलं तर सर नोकरीत कायम. नाही पडलं तर प्रयोगशाळा बंद, कंत्राट बंद, आणि सासूबाईंचं तोंड कायमचं उघडं.

काल ते घरी आणलं तेही सासूबाईंसाठीच. "जावईबापू, एवढं शिकलात, पण दिवसभर करता काय हो?" हा प्रश्न त्या ताटात मिठाच्याही आधी वाढायच्या. काल सरांनी तिथेच चिलखत अंगावर चढवलं, कडी लावली आणि छाती पुढे काढून म्हणाले, "मारा!"

सासूबाईंनी उलथनं घेतलं. एकदा सांगितलं असताना चारदा मारलं. उलथनं वाकलं, सरांना काही झालं नाही.

"बरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "आता उलथनं आणा नवीन."

मग चिलखत काढायची वेळ आली. शत्रूला ते ओढून काढता येऊ नये म्हणून सरांनी छुपी कडी बसवली होती. छातीवर ठरावीक जागी एक जबरदस्त चुंबक टेकवलं की ती उघडायची. चुंबक प्रयोगशाळेत होतं. हे सरांच्या लक्षात कडी लागल्यावर आलं. संशोधनात असं होतं.

बायकोने कात्री चालवली, कात्रीची धार गेली.

"अगं, हे कशानेच कापलं जात नाही. तेच तर संशोधन आहे!"

"मग एवढं मन लावून कशाला करायचं? बाकीची कामं करतोस तसं करायचंस की!"

सकाळी तिने सासऱ्यांचा जुना कोट आणून सरांवर चढवला. आरशात सर कपाटाला कोट घातल्यासारखे दिसत होते. बसमध्ये त्यांना वाकता येईना, म्हणून बसताही येईना. एका आजोबांनी उठून जागा दिली तर सर म्हणाले, "नको आजोबा, माझी घडी होत नाही."

विद्यापीठाच्या फाटकावर रखवालदाराने त्यांच्या छातीवर टिचकी मारून पाहिली.

"आत काय आहे सर?"

"चिलखत."

"अरे बापरे. पोरांचा निकाल लागला का?"

"नाही."

"मग आत्तापासून कशाला घालताय?"

या गोंधळात उशीर झाला. सर प्रयोगशाळेत पोचले तेव्हा समिती येऊन बसली होती. मिशीवाले कर्नल, शिक्षण खात्याच्या सचिवबाई, आणि दोघांच्या मधे हसून हसून गाल दुखत असलेल्या विभागप्रमुख बाई. सर थेट चुंबकाच्या खणाकडे गेले. खण रिकामा होता.

"चिलखत कुठंय?" कर्नलांनी विचारलं.

सरांनी कोट उघडला.

"वा! अंगावर घालून आलात. हा आत्मविश्वास मला आवडला. आता काढून दाखवा."

"साहेब, आधी टिकाऊपणाबद्दल दोन शब्द बोलू का?"

"आधी काढा. जवान जखमी झाला तर डॉक्टरला ते पटकन काढता आलं पाहिजे."

"शत्रूला मात्र काढता येत नाही," सर म्हणाले.

"शत्रूचं सोडा. तुम्हाला येतं का?"

सर कसंनुसं हसले. कर्नलांनी स्वतः उठून ओढलं. चिलखत हललं नाही, सर मात्र टेबलापर्यंत घसरत गेले. सचिवबाई विभागप्रमुखांना म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पैसे दिले ते यांना डांबून ठेवायला?"

विभागप्रमुख बाईंनी असहाय होऊन वर पाहिलं. त्यांच्याबरोबर सरांनीही पाहिलं. आणि त्यांना चुंबक दिसलं.

वरच्या मजल्यावर रसायनशास्त्र होतं. तिथलं पाणी खालच्या छतातून झिरपायचं, आणि गळणाऱ्या थेंबांच्या रंगावरून त्यांचा अभ्यासक्रम कुठवर आलाय ते खाली कळायचं. बाई कित्येक वर्षं दुरुस्ती मागत होत्या. शेवटी मागच्या महिन्यात सरांनीच छताखाली मोठं प्लास्टिक ताणलं आणि त्याचं एक टोक लोखंडी तुळईला याच चुंबकाने चिकटवलं, आणि विसरून गेले. तात्पुरतं. आता प्लास्टिकला पोट सुटलं होतं आणि पोट जांभळं होतं.

सर स्टुलावर चढले.

"सर, ते नको!" बाई किंचाळल्या. "ते सोडून काहीही काढा!"

पण सरांनी चुंबक दोन्ही हातांनी ओढलं. ते सुटलं. पाठोपाठ महिनाभराचं पाणी, आणि पाण्याच्या मागून बाजेएवढा गिलावा थेट सरांच्या छातीवर आला. सर स्टुलासकट आडवे झाले.

धूळ खाली बसली. सरांनी हातातलं चुंबक छातीवर टेकवलं. टक्. चिलखत उघडलं. आतला बनियन कोरडा ठणठणीत होता.

जांभळ्या मिशीचे कर्नल टाळ्या वाजवत उभे राहिले. "खरोखरीचा हल्ला! आमच्या मैदानावर सगळं ठरवून होतं हो. अशी नैसर्गिक परिस्थिती मिळत नाही!"

विभागप्रमुख बाईंनी संधी साधली. "मॅडम, आता तरी छताला पैसे..."

"छत माझ्याकडे येत नाही," सचिवबाई केस पिळत म्हणाल्या. "पण शिक्षकांची सुरक्षा येते."

निर्णय तिथेच झाला. सर कायम झाले. विभागातल्या प्रत्येक शिक्षकाला एकेक चिलखत मंजूर झालं. आणि छत हे चाचणीचं साधन ठरल्यामुळे त्याला हात लावायला सक्त मनाई झाली.

"मग?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं. "आता दिवसभर करणार काय?"

"छताखाली उभा राहणार," सर म्हणाले. हे उत्तर मात्र सासूबाईंना पहिल्यांदाच नीट समजलं.

पुढे चिलखतं आली. सगळ्या शिक्षकांनी ती हौसेने घातली, कड्या लावल्या आणि मग चुंबकाची चौकशी केली. चुंबक एकच होतं. चाचणीच्या साधनाचा भाग म्हणून ते पुन्हा तुळईवर लागलं होतं, आणि त्याखाली प्लास्टिकला, या खेपेस हिरवं, पोट सुटत होतं.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर अख्खा विभाग ताठ उभा होता. बस आली, जागाही रिकाम्या होत्या, पण बसलं कुणीच नाही.