भाविकचा हात वर

विषय पहिला: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे

"औंदा गोळा रेघेच्या पलीकडे गेला नाय, तर नावाचा भाविक नाय," असं भाविकने इतक्यांदा जाहीर केलं होतं, की शहापूरकडच्या, शेणव्यापुढच्या त्याच्या गावाने त्याच्यासाठी दुसरं नाव शोधायला घेतलं होतं.

पोलीस भरती हिवाळ्यात होती. धावण्यात भाविक ससा, लांब उडीत बेडूक. गोळाफेकीत मात्र घोडं अडलेलं. घरामागच्या वरकस माळावर त्याने भरतीच्या मापाची चुन्याची रेघ मारली होती आणि नदीतला गोल धोंडा रोज तिच्या वीतभर अलीकडे येऊन पडायचा. पावसाळा संपला तरी तिथेच. धोंड्याने जागा नावावर करून घेतल्यासारखी.

वय सरत आलेलं. पुढच्या भरतीत फॉर्मही घेतला नसता. आई, गुणाबाई, सांगून मोकळी झाली होती, "या खेपेला नाय झालं, तं खर्डीला मामाच्या गिरणीत बसायचं." भाविकला अंगावर खाकी हवी होती. पीठ नको होतं.

विषय दुसरा: खांदा दुरुस्ती

शहापूरच्या जिममध्ये जाणारा मित्र लडकू दोन ऑक्टोबरला सकाळीच आला. सिमेंट भरलेले डालड्याचे दोन डबे, मधे पाइप, अशी भाविकची घरगुती जिम त्याने डॉक्टरसारखी तपासली.

"तुझा खांदा एकाच व्यायामाला सरावलाय रे. त्याला झटका दे. दांडा मानेच्या मागून उचल."

"तू उचलतोस?"

"मी कशाला? माझं अडलंय काय?"

भाविकने उचलला. दोनदा छान गेला. तिसऱ्यांदा उजव्या खांद्यात सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, दांडा मागे पडला आणि डबे घरंगळत खुराड्यात गेले. कोंबड्या बाहेर आल्या. डावा हात खाली आला. उजवा तिथेच राहिला, सरळ आभाळाकडे.

"खाली घे ना."

"येत नाय."

लडकूने ओढून बघितला. भाविक असा ओरडला की शेजारचा बसलेला बैल उठला.

"आयला सांगू नको. आजच गिरणीत पाठवल. धोंडूबाईला गाठू."

धोंडूबाई गावाची लचक-मुरगळ काढणारी. पण त्या दिवशी ती ग्रामसभेत होती, पहिल्या रांगेत. आणि गुणाबाई तिच्या मांडीला मांडी लावून.

विषय तिसरा: श्रमदान

शाळेत भरलेल्या सभेत गुपचूप जायचं ठरलं. पण हात वर करून माणूस लपणार कुठे?

सरपंच माधुरीताई विचारत होत्या, "ओढ्यावर वनराई बंधारा घालायचाय. रेतीच्या गोण्या भराय-रचायला कोण येणार? हात वर करा."

सभा आपापल्या चपलांचा अभ्यास करू लागली. दारात एकच हात वर होता.

"शाबास भाविक!"

"ताई, तसं नाय, हात..."

"दिसला रे हात. घे खाली."

"खाली येत नाय."

"बघा," ताई सभेला म्हणाल्या, "याला म्हणतात तळमळ. आता, कामाचा मुकादम कोण होणार?"

हात वर.

"रिकाम्या गोण्या कोण देणार?"

"अरे मेल्या," गुणाबाई पुढून ओरडली, "माज्या भाताच्या गोण्या त्या!"

भाविक डोळ्यांनी, भुवयांनी, डाव्या हाताने धोंडूबाईला खुणावत होता. तिला वाटलं, पोरगा तिलाही श्रमदानाला बोलावतोय. तिनेही हात वर केला. मग लाजेने अख्खी पहिली रांग.

सभा उठल्यावर शाळेमागे धोंडूबाईने कोमट तेल लावून, बोलता बोलता, हात खाली आणला.

"यवढा वेळ बोलला का नायस?"

"बोलतच व्हतो, मावशी."

"आता आठ दिस जड उचलू नको. मंग उचल, पण मानेमागून नको. द्येवाने मानेमागं डोळं दिलं नायत."

पुढे दिवाळी उलटेपर्यंत मुकादम भाविक गोण्या रचत होता. गोणी छातीशी घ्यायची, गुडघ्यातून उठायचं, वरच्या थरावर ढकलायची. बंधारा भरला, बायांची पाण्याची खेप अर्धी झाली, काठच्या वालाला फूल आलं. मग एका सकाळी भाविकने सहज धोंडा फेकला आणि तो रेघेपलीकडे शोधावा लागला. भाविकने तो आणून धोंडूबाईच्या ओट्यावर ठेवला.

"ह्यो कशाला?" तिने विचारलं.

भाविकने उजवा हात वर नेला आणि सहज खाली आणून दाखवला.

"बरं झालं," ती म्हणाली, "दाराला टेकण लागतच व्हतं."

ऐनवेळी येणारे विषय

एक मेच्या ग्रामसभेत भाविक पेढे घेऊन आला. भरतीच्या यादीत नाव लागलं होतं. ज्या गावाने आपल्याला ओढून पुढे नेलं त्याचे आभार मानायचे म्हणून भाषण पाठ केलं होतं. पण सभा म्हटल्यावर खबरदारी बरी, म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

माधुरीताई म्हणाल्या, "भाविकच्या अभिनंदनाचा ठराव मांडते. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

सगळी सभा हात वर. गुणाबाईचे दोन्ही.

ग्रामसेवकांनी चष्म्यावरून रांगा पाहिल्या, भाविकपाशी थांबले, आणि लिहिलं: ठराव मंजूर. एक मत विरोधात.