पऱ्हाटीचा शेतकरी

"परीक्षक साहेब मुंबईहून येऊन राह्यले. आंघोळीचं पाणी चांगलं कडक तापव, आंगणातली चूल पेटव," असं आईला तीनतीनदा बजावून क्षितिज नवा खादीचा झब्बा घालून नेरच्या बसस्टँडवर गेला. वीज नव्हती, त्या वर्षांत ती पाहुण्यासारखीच यायची. चूल कशानं पेटवायची, हे मात्र सांगायचं राहिलं.

कापसाचे ते वाईट दिवस होते. जिल्ह्यात भरघोस पिकत होतं ते दुःख, आणि ते बघायला लांबलांबून माणसं येत. क्षितिज शाळेत चित्रकला शिकवायचा. घराण्यातल्या तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या; शेतात कुणी हुरडा खायलाही फिरकलं नव्हतं. तरी मुंबईच्या प्रदर्शनासाठी त्याने पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या वाळक्या काड्यांचा, डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी बांधला होता. परीक्षक एकच कलाकृती निवडणार होते. ती कुणाची, हे क्षितिजने अख्ख्या नेरला आधीच सांगून टाकलं होतं.

बायको शाल्मली कला महाविद्यालयात त्याच्याच वर्गातली, आणि हाताने त्याच्याहून बरी. पण ती चूल, भांडी, निवडायला घेतलेली मेथी असलं काढायची.

"घरगुती आहे," क्षितिज म्हणायचा. "वेदना कुठाय याच्यात?"

"पोळ्या झाल्या की पाह्यते," ती म्हणायची.

परीक्षक आले, न्हाणीत शिरले आणि आतूनच ओरडले, "वा! काय पाणी तापलंय!" क्षितिज खूश झाला. शिल्पावरची चादर नीट करावी म्हणून अंगणात गेला. चादर नीटच होती. घडी करून दोरीवर टाकलेली होती.

"आई! इथली पऱ्हाटी?"

"जळतन होय? बरं झालं, सूनबाईनं झाकून ठेवलंतं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "बांधलं मात्र असं वाकडंतिकडं, सोडता सोडता हात सोलले माये! पण जळलं मस्त. वरचा गोळा तर भपकन पेटला."

"ते डोकं होतं, आई!"

क्षितिज चुलीपुढे मटकन बसला. झब्ब्याला राख लागली, त्याचंही भान राहिलं नाही. डोक्याला हात लावून तो विस्तवाकडे बघत राहिला, आणि त्याला खरोखरच रडू आलं.

"हालू नका," मागून आवाज आला. शाल्मली मांडीवर कागद घेऊन चुलीतल्या कोळशाने भराभर रेघा ओढत होती. "नाक राह्यलं."

"तुले काही वाटते का?"

"वाटून राह्यलं नं. म्हणून तं काढून राह्यली."

तेवढ्यात परीक्षक कान पुसत बाहेर आले. क्षितिज घाईने उठून झब्बा झटकू लागला. परीक्षकांची नजर कागदावर पडली आणि तिथेच खिळली.

"एवढी अस्सल वेदना मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिली नाही! कोण हा शेतकरी?"

चित्रातला चेहरा हातांनी अर्धा झाकलेला होता. शाल्मलीने नवऱ्याकडे पाहिलं. क्षितिजने 'मीच' म्हणावं, तर शेतकरी खोटा ठरणार.

"बोरी अरबचा आहे," क्षितिज म्हणाला. "फार खचलाय बिचारा."

"दिसतंच आहे. सगळं जळून गेल्यासारखं तोंड आहे. आणि हा झब्बा! एवढाच एक चांगला कपडा उरला असेल." परीक्षकांनी डोळे पुसले. "बरं, तुमचं शिल्प दाखवता ना?"

"आता कसं दाखवते?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तुमची आंघोळ झाली नं त्याच्यावर!"

चित्र मुंबईला गेलं आणि शाल्मलीचं नाव पेपरात आलं. मग तिकडून निरोप आला, त्याच शेतकऱ्याचं आणखी एक चित्र हवंय. आता शाळा सुटली की क्षितिज तोच झब्बा घालून, डोक्याला हात लावून चुलीपुढे बसू लागला. एका संध्याकाळी शाल्मलीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि कोळसा खाली ठेवला.

"नाही जमत. तोंड घरगुती दिसून राह्यलं."

"मंग काय करू?"

शाल्मलीची नजर ओसरीकडे गेली. तिथे चादरीखाली क्षितिजचं नवं शिल्प उभं होतं.

"आई," तिने हाक मारली, "माचिस आणा बरं."