कापसाच्या खोलीतला ट्यूनर

वरवट बकालात गिटार वाजवणारा भागवत एकटाच होता. तो चांगला वाजवतो की वाईट हे ठरवायला गावात दुसरं कुणी नव्हतं आणि याचा त्याला मोठाच आधार होता. पण मुलगी पाहायला जानेफळला गेल्यावर तिच्या मामांनी छंद विचारला आणि भागवत बोलून गेला, "गाणी करतो. स्वतःची." सुचितानं तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या एका नजरेपायी सगळं झालं. साखरपुड्यात भागवतनं केलेलं गाणं वाजणार हे तिनं मैत्रिणींना सांगून टाकलं. आता साखरपुडा परवावर आला होता.

गाणं तयार होतं, फक्त रेकॉर्ड व्हायचं होतं. घराच्या एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला शेळ्या. शांत जागा एकच. भाव वाढेल म्हणून भागवतच्या वडिलांनी, वामनरावांनी, दिवाळीपासून कापूस भरून ठेवलेली खोली. आत शिरून दार लोटलं की गिरणी दूरच्या गावाला गेल्यासारखी वाटे. शहरात लोक यासाठी भिंतींना महागडा फोम लावतात. इथं तो शेतातच पिकला होता. कापसात खड्डा करून भागवत आणि त्याचा मित्र जुनेद सकाळीच आत बसले. जुनेदचं मोबाईलचं दुकान होतं, त्यामुळे मोबाईलमध्ये नाही असं जगात काही असतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

भागवतनं गिटारच्या डोक्याला ऑनलाइन मागवलेला ट्यूनर चिमट्यासारखा लावला. इवलासा पडदा, त्यावर काटा, खाली दिवा.

"हे पाय, हिरवा लागला. तार सुरात हाय."

जुनेदनं मोबाईल पुढे केला. "माह्या ॲपवर लाल हाय. तुही तार ढिली हाय बे."

"तुह्यं ॲप गिरनीचा आवाज ऐकून राह्यलं असन. माही क्लिप लाकडाची थरथर पाह्यते. तिले बाहेरचं काही ऐकू येत नाही."

"मंग बहिऱ्याले काऊन इचारतं सूर?"

भागवतला हे लागलं. तरी मैत्रीखातर त्यानं तार ॲपप्रमाणे ताणली. लगेच क्लिपवर लाल. मग क्लिपप्रमाणे सैल केली, तर ॲप रुसलं. वर, खाली, वर, खाली करता करता तारेनं कंटाळून जीव दिला. दुसरी तार चढवली, वाद पहिल्यापासून सुरू झाला. दोघांच्या अंगाला कापसाची खाज सुटली होती, पण आधी कोण खाजवतो यावरही माघार घ्यायची कुणाची तयारी नव्हती. ऊन डोक्यावर आलं तरी गाण्याचा एक सूर लॅपटॉपमध्ये गेला नव्हता.

तेवढ्यात दार उघडून वामनराव म्हणाले, "निंघा बाहीर. नांदुऱ्याहून शकूरभाई गाडी घेऊन आले. कापूस देऊन टाकतो."

भागवत गिटार कवटाळून बसला. "बाबा, आजच? परवा दिला तं नाही चालनार?"

"परवा तुह्या सासऱ्याले बसवतो का व्यापाऱ्याजवळ? ऊठ."

शकूरभाई जुने व्यापारी. त्यांनी ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं, आकड्याकडे पाहून दुःखी चेहरा केला. "वामनराव, माल वला हाय. भाव उतरवा लागन."

"वला? दिवाळीपासून घरात हाय. मशीन खोटं हाय तुमचं."

असं म्हणताना वामनरावांची नजर गिटारवर गेली. छोटा पडदा, काटा, दिवा. त्यांनी चिमटा उपसला. "आमच्याकडं बी मशीन हाय. पोरानं आनलं." आणि तो ट्यूनर त्यांनी कोपरापर्यंत हात घालून कापसात लावला.

जुनेद भागवतच्या कानात पुटपुटला, "म्हनून म्हनत होतो, ॲप बरं."

बाहेर काढलेल्या पडद्यावर काहीच नव्हतं. वामनरावांनी तो भागवतच्या हातात दिला. "सांग, काय म्हन्ते?"

भागवतचा जीव टांगणीला लागला. कोरडा म्हटलं तर बापाचा शब्द राहील, पण गाडी भरेल, खोली जाईल, आणि खोलीबरोबर सुचिताची ती नजरही. ओला म्हटलं तर सौदा मोडेल. बापाशी बेइमानी करताना त्याला खरंच वाईट वाटलं. तरीही त्यानं चिमट्याखाली हळूच नखानं टिचकी मारली. दिवा लाल झाला.

"वला हाय, बाबा."

"घ्या, घरचंच मशीन बोललं," शकूरभाई खुशीत म्हणाले.

वामनराव खोलीच्या दारात आडवे उभे राहिले. मग म्हणाले, "असन वला. पन पडत्या भावात देनार नाही. गाडी घेऊन जा, शकूरभाई."

गाडी रिकामी गेली. भागवतला नाचावंसं वाटत होतं. तो गिटार उचलून खोलीकडे वळला तोच मागून आवाज आला.

"तिकडं कुठं? वला माल असा कोंडून ठेवला तं पिवळा पडन. काढा सगळा, न्या स्लॅबवर, वाळू घाला. दोघं बी."

दिवाळीपासून भरलेली खोली दोघांनी संध्याकाळपर्यंत गाठोड्यांनी रिकामी केली. जुनेद प्रत्येक खेपेला जिन्यावर थांबून हार्डवेअरचा उद्धार करत होता. शेवटी जुनेदच्या मोबाईलची बॅटरी संपलेली, आणि चिमटा खिशाला लावून वामनराव पारावर तो दाखवायला गेलेले. भागवतनं अंदाजानं तारा पिळल्या आणि घुमणाऱ्या मोकळ्या खोलीत एका दमात गाणं म्हटलं. जुनेदनं लॅपटॉपवरूनच ते सुचिताला पाठवलं.

थोड्या वेळानं भागवतचा फोन वाजला.

"ऐकलं गाणं. चाल खूप आवडली," सुचिता म्हणाली. भागवतचे दुखरे खांदे एकदम हलके झाले. "पण आवाज घुमतोय हो. मधी शेळी पण ओरडली."

"खोली रिकामी झाली ना."

"कळलं मला. उद्या इथं या आणि परत म्हणा. आमच्याकडं खोलीभर कापूस आहे, बाबांनी अजून विकला नाही. मी दाराशी बसते, कुणाला येऊ देत नाही."

भागवत हवेत तरंगत होता. "येतो की. सकाळीच येतो."

"आणि ते मशीन आणा. तुमच्या बाबांनी फोन करून लई कौतुक केलं त्याचं. उद्या आमच्याकडं पण व्यापारी येणार आहे. बाबा म्हणले, जावई सांगतील तेच खरं."

भागवतनं मनात हिशेब मांडला. कोरडा म्हटलं तर गाडी भरणार. ओला म्हटलं तर... त्याला आजचा स्लॅबचा जिना आठवला.

"तुमच्याकडं कापूस कुठं वाळू घालतात?"

"तिसऱ्या मजल्यावर," सुचिता म्हणाली. "का हो?"