शनिवारचा गणपती आणि वाल्डॉर्फची धर्मसुधारणा

मोक्ष माणसाला एकट्याने मिळतो, पण धर्म चालवायला समिती लागते, आणि समिती आली की फूट येतेच. युरोपला हे कळायला दीड हजार वर्षं लागली. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावच्या मराठी मंडळाने ते एका संध्याकाळी व्हॉट्सॅपवर उरकलं.

गुरुदत्तचा या विषयाचा अभ्यास दांडगा. पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला (सासूबाईंना दोनदा) तो हायडेलबर्गच्या मोठ्या चर्चमध्ये नेई आणि सांगे, की कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडले तेव्हा इथे मधोमध भिंत घातली होती. दोनशेहून अधिक वर्षं दोन्ही पंथ एकाच छपराखाली, एकमेकांचं तोंड न बघता प्रार्थना करत होते. "काय माणसं असतील," म्हणून तो हसे आणि मग सगळे आइस्क्रीम खात.

मंडळाचा गणपती सोयीच्या शनिवारी बसे. पूर्वी चर्च पापमुक्तीची पत्रं विकायचं, त्यातलीच ही सवलत, असं गुरुदत्तच्या ध्यानात आलं. मूळ ग्रंथाकडे, म्हणजे पंचांगाकडे, परत चला, असा त्याने ग्रुपवर पुकारा केला. चतुर्थी बुधवारी, तर गणपती बुधवारी. विरोध केला तो सुधीरने. बारा वर्षांपूर्वी यानेच गुरुदत्तला विमानतळावरून आणून महिनाभर आपल्या सोफ्यावर झोपवलं होतं. जर्मनीत त्याला जिवाभावाचा मित्र तेवढा एकच.

"अरे, बुधवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. बाप्पा समजून घेतो," सुधीर म्हणाला.

"प्रश्न तत्त्वाचा आहे," गुरुदत्त म्हणाला.

झालं, बोलणं बंद. मंडळाचा हॉल सुधीरच्या नावावर बुक होता. 'ज्याचं राज्य त्याचा धर्म' हा सोळाव्या शतकातला जर्मन तोडगा लागू होऊन ज्याचा हॉल त्याची आरती ठरली, आणि सुधारणावादी पंथ गुरुदत्तच्या दिवाणखान्यात गेला.

बुधवारी आरतीला पंथ शंभर टक्के हजर होता: गुरुदत्त, त्याची बायको मीनल आणि लॅपटॉपवर म्यूट केलेली मीटिंग.

"अहो, झांजा कोण वाजवणार?" मीनलने विचारलं.

दरवर्षी सुधीर वाजवायचा. गुरुदत्तने एकदा दाराकडे पाहिलं. तेवढ्यात मीटिंगमध्ये कुणीतरी त्याचं मत विचारलं, त्यावर तो म्यूट काढून "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाला.

शनिवारी तो हॉलच्या दारात जाऊन उभा राहिला. माफीची वाक्यं मनात जुळवून आणली होती. सुधीरने त्याला पाहिलं आणि झांजा वाजवता वाजवता मानेनेच आत बोलावलं. गुरुदत्तने बूट काढले, एक पाय आत टाकला, आणि त्याच्या कानांवर आलं, की गणपतीनंतर शंकराची आरती सोडून ही मंडळी थेट देवीवर गेली आहेत.

त्याने बूट पुन्हा घातले. तिसऱ्या मंडळाची सभासदनोंदणी सध्या सुरू आहे (मीनलने विचार करायला वेळ मागितला आहे). सुधीरचा फोन त्यानंतर आलेला नाही, आणि गुरुदत्त आपला मोबाइल खिशातून सारखा काढून बघतो.

तुम्ही हसताय ते ठीकच. पण आधी शंकर की आधी देवी हे वाचताना "आमच्याकडे तर..." असं तुमच्या मनात येऊन गेलंच. अभिनंदन, चौथ्या मंडळाचे अध्यक्ष तुम्ही.